घरात पहिल्यांदा बेकिंग करताय? रवा केक, नानखटाई आणि मग लादी पाव

नवीन ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घरात आला की बरेच जण पहिल्याच रविवारी तीन थरांच्या क्रीमवाल्या केकला हात घालतात, आणि तो मधोमध बसला की ओटीजीवर कव्हर चढतं ते महिनोन्महिने उतरत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांचा हात वाईट नसतो, फक्त सुरुवात चुकीच्या पदार्थापासून झालेली असते. म्हणून कुणीही विचारलं की मी एकच सांगते, आधी रवा केक, मग नानखटाई, मग लादी पाव. तिन्हीला लागणारं सामान कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मिळतं, अंडं एकातही नाही त्यामुळे श्रावण असो की घरात कट्टर शाकाहारी आजी असो, सगळ्यांना खाता येतं, आणि प्रत्येकातून एकेक नवीन गोष्ट हाताला कळत जाते. रवा केकमधे सोडा, नानखटाईत तूप आणि आच, पावात मळणं आणि थांबणं.

खाणारे कोण ते आधी बघा

रेसिपी उघडण्याआधी घरात कोण कोण खाणार आहे ते डोळ्यासमोर आणा. कवळी असलेल्या आजोबांना कडक बिस्किट नको, त्यांची नानखटाई दोन मिनिटं आधी काढायची. लहान मुलांना वेलची जास्त झालेली चालत नाही, व्हॅनिला चालतो. आणि घरात कुणाला डायबेटिस असेल तर साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे पदार्थ त्यांना चालतो असं अजिबात समजू नका, गूळही शेवटी साखरच आहे, रक्तातली साखर तोही वाढवतो. त्यापेक्षा गोड कमी करा, तुकडा लहान कापा, आणि त्यांच्यासाठी पाव करताना थोडी कणीक घाला, पण किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

सामान, थोडक्यात

एक डिजिटल वजनकाटा घ्या. बाकी काही घेतलं नाही तरी चालेल पण हा घ्याच. आपल्या घरातली आमटीची वाटी प्रत्येक घरात वेगळी, त्यामुळे "दोन वाट्या मैदा" म्हणजे नक्की किती हे कुणालाच सांगता येत नाही. मापाचा कप २४० मिलीचा असतो, त्यात मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो, बारीक रवा १७० च्या आसपास, दाणेदार साखर २०० ग्रॅम. पण तोच मैदा कपात दाबून भरला की १५० च्याही वर जातो, आणि केक कोरडा का झाला याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. चमचे मात्र मापाचे हवेत, छोटा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा.

त्याशिवाय ७ इंची ॲल्युमिनियमचा गोल डबा, बटर पेपर, एक चाळणी, सिलिकॉनचा उलथणं-टाइप स्पॅच्युला, आणि जाड हातमोजे. बस.

बेकिंग पावडरचा डबा कपाटात वर्षभर पडून असेल तर वापरण्याआधी अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघा, भसाभसा फेस आला तर ठीक, नुसतेच चार बुडबुडे आले तर नवीन आणा. सोड्याची तीच परीक्षा लिंबाच्या रसात करायची. सोड्याला फुगवायला काहीतरी आंबट लागतं, दही, ताक, लिंबू, काहीही, आणि बेकिंग पावडरमधे ते आंबट आधीच घातलेलं असतं. म्हणून एकाच्या जागी दुसरं तेवढंच घालता येत नाही, सोडा जवळजवळ तिप्पट जोरदार आहे आणि जास्त झाला की साबणासारखी चव येते.

भट्टी कुठली

ओटीजी असेल तर खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत, आणि निदान १० मिनिटं आधीपासून तापवायचा. हे तापवणं टाळू नका, गार ओव्हनमधे केक ठेवला तर सोड्याचा जोर आधी निघून जातो आणि केक वर येऊन बसतो. मोठा ओटीजी जास्त वीज ओढतो, त्याला मोठ्या पिनचं सॉकेट लागतं, एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका प्लीज. मायक्रोवेव्ह असेल तर त्याला कन्व्हेक्शन मोड, म्हणजे ओव्हनसारखा गरम हवेने भाजायचा मोड, आहे का बघा. असेल तर चालेल, नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर नानखटाई आणि पाव होत नाहीत, ते रबरासारखे होतात. आणि कन्व्हेक्शनमधे धातूचा डबा चालतो पण मायक्रोवेव्ह मोडमधे नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

यातलं काहीच नसेल तरी रवा केक आणि नानखटाई आरामात होतात. जुनी जाड बुडाची ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई घ्या, तळाला जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली, घट्ट झाकण, आणि मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. नॉनस्टिक कढई यासाठी कधीच घेऊ नका, ती कोरडी तापवायची नसते. कुकर वापरणारे खूप आहेत, त्यांनी झाकणाची रिंग आणि शिट्टी काढूनच वापरा, पण माझं मत विचाराल तर कुकर रोजच्या वरण-भाताला राहू द्या, कोरडा तापवून तो लवकर खराब होतो.

परदेशात असाल तर १८० अंश म्हणजे फॅरनहाइटमधे ३५०. आणि इंग्लंडमधल्यांनी सेल्फ रेझिंग मैदा चुकून आणू नका, त्यात बेकिंग पावडर आधीच असते, साधा प्लेन घ्या.

पहिला: रवा केक

बारीक रवा २५० ग्रॅम (दीड कप), घट्ट पण ताजं दही १ कप, पिठीसाखर १५० ग्रॅम, पातळ केलेलं तूप किंवा वास नसलेलं तेल १०० ग्रॅम, दूध अर्धा कप आणि वर थोडं राखून ठेवलेलं, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, चिमटीभर मीठ, वेलची किंवा व्हॅनिला.

दही, साखर, तूप आधी एकत्र फेटायचं, साखर विरघळली की रवा आणि अर्धा कप दूध. आता झाकून अर्धा तास बाजूला ठेवा. हा अर्धा तास फार महत्त्वाचा आहे, रवा या वेळात दूध-दही पिऊन फुगतो, नाहीतर केक खाताना दाताखाली करकर लागतो. अर्ध्या तासाने बघितलं की मिश्रण इतकं घट्ट झालेलं असतं की नवीन माणूस घाबरतो, घाबरू नका, राखून ठेवलेलं दूध थोडं थोडं घालत इडलीच्या पिठाइतकं आणा, पळीतून सलग न पडता जाडसर पडलं पाहिजे. डब्याला तूप लावून, तळाला बटर पेपर घालून तयार ठेवा, ओव्हन तापलेला असू दे, आणि मगच सगळ्यात शेवटी पावडर आणि सोडा घालून हलक्या हाताने एकाच दिशेने हलवा, लगेच डब्यात ओता, लगेच आत ठेवा. सोडा दह्याला लागल्या क्षणापासून काम सुरू करतो, तो घालून फोनवर बोलत बसलात तर गेला.

१८० अंशाला ३० ते ३५ मिनिटं, कढईत मंद ते मध्यम आचेवर ४० ते ४५. पहिली २० मिनिटं झाकण किंवा दार उघडायचं नाही. नंतर मधोमध सुरी खुपसून बघा, ओलं पीठ चिकटून आलं तर अजून ५ मिनिटं, एखाद-दोन कोरडे कण आले तर झालाय. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या दिसतात, ती खूण सगळ्यात भरवशाची. बाहेर काढून १० मिनिटं डब्यातच ठेवा, मग उलटा करा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.

वरून टुटीफ्रुटी घालायची तर मैद्यात घोळवून घाला म्हणजे तळाला जाऊन बसत नाही. आंब्याच्या दिवसात अर्ध्या दह्याऐवजी हापूसचा रस घालून बघा, साखर कमी करून. त्या केकचा वास घरभर पसरतो तेव्हा शेजारचेही विचारतात.

दुसरा: नानखटाई

दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचं आणि पत्र्याचे डबे भरून नानखटाई-बिस्किटं करून आणायची, ही पद्धत आपल्याकडे कितीतरी गावात होती, काही ठिकाणी अजून आहे. तुमच्या आईला किंवा आत्याला विचारा, त्यांना प्रमाण तोंडपाठ असतं, आणि ते लिहून घ्या कारण अशी प्रमाणं वहीत नसतात.

माझं प्रमाण, मैदा १२५ ग्रॅम, बेसन २५, बारीक रवा २५, तूप १००, पिठीसाखर ७०, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमटी मीठ, वेलची-जायफळ. साधारण १६ ते १८ होतात.

इथे सगळा खेळ तुपाचा आहे. तूप घट्ट रवाळ हवं, पातळ केलेलं अजिबात नाही. पावसाळ्या-हिवाळ्यात ते तसं असतंच, उन्हाळ्यात मात्र बरणीत पाण्यासारखं झालेलं असतं, तेव्हा १५-२० मिनिटं फ्रिजमधे ठेवून मगच घ्या. पातळ तुपाची नानखटाई ओव्हनमधे पसरून चपटी होते, बाकी सगळं बरोबर असलं तरी. तूप आणि साखर एकत्र फेटत राहा, हाताने फेटलं तर ७-८ मिनिटं, रंग पिवळटाचा पांढरट होतो आणि मिश्रण हलकं होऊन लोण्यासारखं चढतं. तिथे थांबा. मग मैदा, बेसन, रवा, पावडर चाळून घाला आणि फक्त एकत्र गोळा करा, कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानखटाई खुसखुशीत होत नाही. गोळा जमत नसेल तर दूध घालायचा मोह होतो, घालू नका, हाताची ऊब लागली की तूप सुटून आपोआप जमतो.

गोळे वळायचं काम मुलांना द्या. चार वर्षांचं पोरही हे करू शकतं, आणि त्याने वळलेले वाकडेतिकडे गोळे तसेच ठेवा, नंतर ताटात आपली नानखटाई कुठली ते बरोब्बर ओळखून आजीला देतात. फक्त आकार साधारण सारखा हवा, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. मधे अंगठ्याने हलका दाब, वर पिस्त्याचा काप, दोन गोळ्यांमधे दोन बोटं जागा. ट्रे २० मिनिटं फ्रिजमधे.

१६० ते १६५ अंशाला १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढताना कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात, तळ फिका बदामी, आणि बोट लावलं तर मऊ लागते, इथेच नवीन लोकांना वाटतं कच्ची राहिली आणि परत आत ढकलतात. ढकलू नका! गार होताना ती कडक होते. ट्रेवरून लगेच उचललीत तर तुटेल, १० मिनिटं तशीच राहू दे. पूर्ण गार झाली की हवाबंद डब्यात, दोन आठवडे छान राहते.

तिसरा: लादी पाव

आता खरा अभ्यास. हे घाईच्या दिवशी करायचं काम नाही, सुट्टीच्या सकाळी घ्या, एकूण तीन-साडेतीन तास जातात पण त्यात हाताने काम अर्ध्या तासाचंच आहे, बाकी पीठ आपलं आपण फुगत असतं. गोव्यात पूर्वी पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे, आपल्याला ते काम पाकिटातलं यीस्ट करतं.

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (२ छोटे चमचे), साखर २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, दूध पावडर २ मोठे चमचे, कोमट पाणी ३०० ते ३२० मिली, बटर ४० ग्रॅम. बाजारात नेहमी मिळणारं पिवळं बटर खारं असतं, ते वापरत असाल तर मीठ सव्वा चमचाच घ्या.

कोमट म्हणजे किती हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ३५ ते ४० अंश, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गरम ना गार वाटला पाहिजे, बाळाचं दूध बघतो तसं. ५५-६० अंशाच्या पुढे यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट कितीही वाट बघितली तरी पीठ फुगवत नाही. गार पाण्याने मात्र काही बिघडत नाही, फक्त वेळ जास्त लागतो, त्यामुळे शंका असेल तर थोडं गारच घ्या. पाकीट जुनं असेल तर थोड्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून १० मिनिटं ठेवा, वर फेसाचा थर आला तर जिवंत आहे.

मैदा, साखर, यीस्ट, दूध पावडर परातीत, मीठ एका कडेला, मग पाणी घालत गोळा करा. हा गोळा चिकट असतो, पोळ्यांच्या कणकेपेक्षा बराच जास्त चिकट, आणि तो तसाच पाहिजे. ज्या बायका रोज पोळ्या करतात त्यांचा हात आपोआप कोरड्या पिठाकडे जातो, तो आवरा, वरून घातलेलं प्रत्येक मूठभर पीठ पावाला घट्ट करतं. ओट्यावर घ्या, तळव्याने पुढे ढकला, मागे दुमडा, परत ढकला. पाच मिनिटांनी बटर थोडं थोडं घाला, पुन्हा सगळं चिकचिकीत होईल, चालू ठेवा. एकूण १२ ते १५ मिनिटं. मोठी मुलं, नवरा, सासरे, जो रिकामा असेल त्याला हाताशी घ्या, आमच्याकडे हे काम बाबांचं असतं आणि त्यांना ते आवडतं.

झालं कधी समजायचं ते नीट सांगते. लिंबाएवढा गोळा तोडा, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणत न्या. पीठ तयार असेल तर मधे पातळ पडदा तयार होतो, खिडकीसमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो, बोटांच्या सावल्या दिसतात, आणि तो फाटत नाही. पडदा धरायच्या आधीच फाटला, फाटलेली कड दातेरी असली, तर अजून तीन-चार मिनिटं मळा आणि परत बघा. ही एक परीक्षा पास केली की पाव मऊ होणारच, मी खात्रीने सांगते.

तेल लावलेल्या पातेल्यात झाकून ठेवा, दुप्पट होईपर्यंत. इथे घड्याळ बघू नका, पीठ बघा. मुंबईच्या मे महिन्यात पाऊण तासात होतं, नाशिकच्या डिसेंबरात दोन तासही लागतात. थंडी असेल तर ओटीजी बंद ठेवून आत पातेलं आणि शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा. बोट कोरड्या पिठात बुडवून फुगलेल्या गोळ्यात खड्डा करा, खड्डा हळूहळू अर्धवट भरून आला तर बरोबर, झटकन भरला तर अजून वेळ आहे.

मग हवा काढून १२ भाग करा, वजन करून, साधारण ७५ ग्रॅमचा एक. प्रत्येकाच्या कडा खाली दुमडून खालच्या बाजूला चिमटा, वरचा भाग तणतणीत गुळगुळीत झाला पाहिजे. साधारण ९ बाय १२ इंचाच्या तेल लावलेल्या ट्रेमधे ३ बाय ४ असे लावा, मधे बोटभर जागा सोडून, फुगले की एकमेकांना चिकटतात आणि म्हणून तर लादी होते. ट्रे लहान असेल तर ९ लावा आणि उरलेले तीन वेगळ्या डब्यात. ओला फडका झाकून पुन्हा ३० ते ४५ मिनिटं. शेवटची १५ मिनिटं राहिली की ओव्हन २०० अंशावर तापायला लावा.

वरून दूध लावा, अगदी हलक्या हाताने, जोरात ब्रश फिरवला तर फुगलेले पाव बसतात. २०० अंशाला १८ ते २२ मिनिटं, वर छान तांबूस रंग येतो. रंग लवकर आला तर वर फॉइलचा कागद टाका. बाहेर काढल्या काढल्या बटर लावा आणि स्वच्छ ओलसर फडक्याने झाकून १५ मिनिटं ठेवा. बेकरीच्या पावाचा वरचा भाग मऊ असतो तसा घरी होत नाही अशी तक्रार असते ना, त्याचं उत्तर हे झाकणं आहे, आतली वाफ वरच्या पापुद्र्याला मऊ करते.

कणीक घालायची असेल तर पहिल्या खेपेला नको. पुढच्या वेळी १५० ग्रॅम मैद्याच्या जागी कणीक आणि पाणी २०-३० मिली जास्त, पाव थोडा कमी फुगेल पण चव फार छान येते.

भाजी आणि वेळेचं गणित

पाव केले की पावभाजी किंवा मिसळ आलीच, आणि सगळं एका माणसावर पडलं तर हौस दमून जाते. म्हणून पीठ पहिल्यांदा फुगायला ठेवलं की कुकर लावा, बटाटे, फ्लॉवर, मटार, गाजर एकत्र, मिसळ असेल तर मटकी, तीही आदल्या दिवशी मोड आणून ठेवलेली. पाव दुसऱ्यांदा फुगतायत तेव्हा कांदा-टोमॅटो परता, भाजी घोटा. पाव फडक्याखाली आहेत तेव्हा कांदा चिरा, लिंबं कापा, पानं घ्या. मुलांकडून चाळणं, मोजणं, दूध लावणं करून घ्या, पण ओव्हनचं दार आणि गरम ट्रे मोठ्यांनीच, आणि गरम ट्रे ठेवायची जागा आधी मोकळी करून ठेवा, हातात ट्रे घेऊन जागा शोधायची वेळ येऊ नये.

घरच्या पावात टिकवायची पावडर नसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो थोडा कोरडा होतो, फ्रिजमधे ठेवला तर आणखी लवकर. बाहेरच डब्यात ठेवा, दोन दिवसांत संपवा, किंवा गार झाल्या दिवशीच पिशवीत घालून फ्रीझरमधे टाका, हवा तेव्हा काढून तव्यावर बटर लावून शेका. आणि तरी उरलेच तर पातळ काप करून ओटीजीत १२० अंशाला कडक होईपर्यंत ठेवा, साधारण अर्धा-पाऊण तास, मधे एकदा उलटून. चहाबरोबरचे टोस्ट होतात, आणि मिक्सरला फिरवलेत तर कटलेटला लावायला चुरा.